बिघडेपर्यंत थांबा

गच्चीवर पहिल्यांदा फोटो छापायला बसलो, तेव्हा घाईने घात केला. काचेखाली नेच्याचं पान, भोवतीचा कागद निळा होत चाललेला. रंग मनासारखा दिसताच कागद उचलून पाण्यात टाकला. दोन मिनिटांत निळाई वाहून गेली आणि हातात फिकट डागांचा कागद उरला.

ही पद्धत सायनोटाइपची. इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी ती १८४२ साली शोधली. पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी समुद्रशैवालांचे असे ठसे घेऊन पुस्तक काढायला सुरुवात केली. छायाचित्रांचं पहिलं पुस्तक म्हणून त्याचंच नाव घेतात. कॅमेरा त्यात नाहीच, शैवाल थेट कागदावर ठेवलेलं.

सामान थोडंच. फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम आणि पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम, प्रत्येकी १०० मिली पाण्यात वेगवेगळं विरघळवायचं. लागेल तेवढंच ऐन वेळी समसमान एकत्र करायचं. साध्या पिवळ्या बल्बच्या उजेडात ब्रशचा आधी उभा, मग आडवा हात फिरवायचा. ब्रशला पत्र्याची पट्टी नको. लोखंडाचा कण लागला की निळे ठिपके पडतात. अंधारात वाळलेला कागद हिरवट-पिवळा दिसतो.

मग ऊन. त्यातल्या अतिनील किरणांनी सायट्रेटमधल्या लोहाचं रूप पालटतं आणि ते फेरिसायनाइडशी जुळून पाण्यात न विरघळणारा निळा रंग बनतो. पानाखालचं द्रव्य तसंच राहतं आणि धुण्यात निघून जातं. मेख इथेच आहे. धुताना थोडा निळाही जातो. म्हणून कागद निळा झाला की उचलायचा नाही. निळा काळवंडतो, मग त्यावर राखेची, जुन्या पितळेची कळा चढते. चित्र पार वाया गेलं असं वाटतं, तेव्हा ते झालेलं असतं. माझ्या गच्चीवर फेब्रुवारीच्या दुपारी याला पंधरा मिनिटं पुरतात. ढग आले की हिशेब चुकतो, आणि पावसाळ्यात कागद धड वाळतच नाही.

धुतानाही एकदा फसलो. आमच्याकडे बोअरचं पाणी, तेही अल्कधर्मी. आणि अल्कली म्हणजे या निळ्याचा वैरी. ठसे धुता धुताच मलूल व्हायचे. आता पहिल्या पाण्यात थोडं लिंबू पिळतो. पिवळं पाणी सुटतं, पान पांढरं उमटतं. दोरीवर वाळत घातलेला ठसा दुसऱ्या दिवशीपर्यंत हवेनेच आणखी गडद होतो.

तुम्हाला करून बघायचं असेल, तर जास्वंदीचं जाड पान घेऊ नका. त्यातून ऊन पार होत नाही, नुसता आकार उमटतो. नेचा घ्या, नाहीतर भाजीतली शेपूची काडी. आणि कागद सुंदर दिसायला लागला की हात मागे बांधून उभे राहा.