ट्रूक्रिप्ट : सांगोवांगीची दहा वर्षं

फेब्रुवारी २००४ मध्ये ट्रूक्रिप्टची पहिली आवृत्ती आली. डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारं हे सॉफ्टवेअर फुकट होतं, सोर्स कोडही उघडा होता. फक्त ते लिहिणारे कोण, याचा पत्ता नव्हता. कोड उघडा आहे म्हणजे कुणीतरी तपासला असणारच, असं जो तो धरून चालला.

त्यात २००८ साली ब्राझीलच्या पोलिसांनी एका बँकरच्या डिस्क जप्त केल्या. तिथल्या तज्ज्ञांना त्या उघडेनात. मग एफबीआयने वर्षभर खटपट केली आणि २०१० मध्ये हात टेकले. ‘एफबीआयलाही जमलं नाही’ हे पुढे प्रमाणपत्रासारखं फिरलं. एफबीआय संभाव्य पासवर्ड एकेक करून लावून पाहत होती, हे कोण लक्षात घेतो! सिद्ध झालं ते इतकंच, की गृहस्थाचा पासवर्ड पक्का होता.

२०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनची कागदपत्रं बाहेर आली, अमेरिकेची हेरसंस्था एनएसए सुरक्षेच्या सॉफ्टवेअरमध्ये चोरवाटा ठेवते असं त्यांतून दिसलं आणि वारं फिरलं. ट्रूक्रिप्टची विंडोज आवृत्ती हेडरच्या, म्हणजे कुलूपबंद साठ्याच्या सुरुवातीच्या भागाच्या, शेवटच्या ६५,०२४ बाइटमध्ये यादृच्छिक आकडे भरते, लिनक्सची तसं करत नाही. मग तिथे किल्ली दडवलेली नसेल कशावरून? शंका रास्त होती, पण लोक तिलाच पुरावा मानू लागले. सुरक्षातज्ज्ञ मॅथ्यू ग्रीन आणि केनेथ व्हाइट यांनी मात्र लोकवर्गणी काढून कोडचं ऑडिट करवून घेतलं. एप्रिल २०१४ च्या पहिल्या अहवालात ११ त्रुटी निघाल्या. चोरवाट सापडली नाही.

आणि २८ मे रोजी ट्रूक्रिप्टच्या निनावी कर्त्यांनीच जाहीर केलं, की हे वापरणं सुरक्षित नाही, विंडोजमधल्या बिटलॉकरकडे वळा. कारण? विंडोज एक्सपीला मिळणारा आधार संपला, एवढंच. दोष कुठे, कसला, अवाक्षर नाही. इशाऱ्यातल्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जुळवून ‘एनएसए’ वाचणारेही निघाले. दहा वर्षं ‘सुरक्षित आहे’ हे ज्यांनी सांगोवांगी मानलं, त्यांनी ‘सुरक्षित नाही’ हेही तसंच मानलं.

ऑडिट थांबलं नाही. एप्रिल २०१५ च्या दुसऱ्या अहवालात चार त्रुटी होत्या. त्यातली गंभीर म्हणजे, विंडोजकडून यादृच्छिक आकडे मिळवताना क्वचित अपयश आलं, तरी प्रोग्रॅम काही न बोलता पुढे जायचा. मुद्दाम ठेवलेली चोरवाट याही खेपेला दिसली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गूगलच्या जेम्स फोरशॉ यांना विंडोज ड्रायव्हरमध्ये ऑडिटच्या नजरेतून निसटलेले दोन दोष सापडले. तोच कोड पुढे नेणाऱ्या व्हेराक्रिप्टने ते दुरुस्त केले, आणि २०१६ मध्ये व्हेराक्रिप्टचीही स्वतंत्र तपासणी झाली.