किंमत ऐकू येते का?

नंदुरबारहून दोंडाईच्याकडे जाताना रनाळे लागते. लग्नसराईत या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात मिरवणूक निघाली की तरुण मंडळींचा पहिला प्रश्न असतो, ‘साउंड किती वॅटचा?’ शहरातल्या दर्दी माणसाच्या घरी नवा अ‍ॅम्प्लिफायर आला की मित्र विचारतात, ‘केवढ्याला पडला?’ प्रश्न दोन असले तरी समजूत एकच आहे. आकडा मोठा, म्हणजे आवाज चांगला. ही समजूत कितपत खरी, हे पाहायला हरकत नाही. त्यात पैशांचा हिशेब आहेच, पण त्याहून मोठा हिशेब कानांचा आहे.

उत्तम ध्वनीचे वेड असणाऱ्यांना ऑडिओफाइल म्हणतात. आपल्याकडे त्यांच्यासाठी ‘कानसेन’ असा छान शब्द आहेच. या मंडळींच्या बाजारात काही लाखांचा अ‍ॅम्प्लिफायर ही नवलाईची गोष्ट नाही. असे यंत्र पहिल्यांदा ऐकणारे म्हणतात, ‘मधला पडदाच दूर झाला’, ‘गायिका समोर येऊन बसली’, ‘तंबोऱ्याची तार न् तार वेगळी ऐकू येते’. ऐकणाऱ्याच्या अंगावर खरोखर काटा येतो. तो खोटे बोलत नसतो.

मग अ‍ॅम्प्लिफायर नेमके करतो काय? रेकॉर्ड, सीडी किंवा मोबाइलमधून येणारा विजेचा संकेत फार क्षीण असतो. स्पीकर हलवण्याइतके बळ तो त्या संकेताला देतो. हे करताना त्याने स्वतःचे काही मिसळू नये, एवढीच अपेक्षा. ही अपेक्षा आज बेताच्या किमतीचे यंत्रही बरेचसे पूर्ण करते.

अमेरिकेतल्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या मासिकाने जानेवारी १९८७च्या अंकात एका चाचणीचे निकाल छापले. सुमारे २२० डॉलरच्या साध्या रिसीव्हरपासून १२ हजार डॉलरच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरच्या जोडीपर्यंत यंत्रे होती. आवाजाची पातळी समान केली होती आणि कुठले यंत्र चालू आहे, हे ऐकणाऱ्यांना दिसत नव्हते. ऐकणाऱ्यांत अ‍ॅम्प्लिफायरमध्ये फरक असतोच असे मानणारे होते आणि न मानणारेही. निकाल जवळजवळ नाणेफेकीसारखा लागला. पुढे १९९४मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी स्पीकरवर असाच प्रयोग केला. स्पीकर समोर दिसत असताना लोकांनी दिलेले गुण आणि पडद्याआडून ऐकून दिलेले गुण यांत मोठी तफावत निघाली. दिसायला मोठ्या आणि भारी स्पीकरची आघाडी पडदा पडल्यावर पुष्कळ कमी झाली.

याचा अर्थ सगळी यंत्रे सारखीच, असा मात्र नाही. लहान यंत्रावर ताकदीबाहेर आवाज चढवला तर तो फाटतो आणि ते कुणालाही कळते. काही व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर ठरावीक स्पीकरबरोबर आवाजाचा पोत खरोखर बदलतात. पण सुस्थितीतली दोन चांगली यंत्रे आपापल्या मर्यादेत चालवली, तर किमतीतला दहापट फरक कानाला सापडणे फार अवघड असते.

तरीही माणसाला तो फरक ‘ऐकू’ येतो, याचे कारण आपल्या मेंदूत आहे. कानाकडून आलेला संदेश मेंदू जसाच्या तसा नोंदवत नाही. डोळ्यांनी पाहिलेले, आधी वाचलेले, मोजलेले पैसे हे सगळे तो त्यात मिसळतो आणि मग अनुभव तयार होतो. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना एकच वाइन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून देण्यात आली. महाग म्हटलेली वाइन त्यांना अधिक आवडली. एवढेच नव्हे, तर मेंदूतल्या सुखद अनुभवाशी संबंधित भागाची हालचालही तेव्हा वाढलेली दिसली. म्हणजे आनंद खरा होता. त्याचे कारण मात्र पेल्यात नव्हते.

वैद्यकात ही गोष्ट रोजची आहे. त्याच वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. ८२ जणांना औषध नसलेली गोळी वेदनाशामक म्हणून देण्यात आली. निम्म्यांना तिची किंमत अडीच डॉलर सांगितली, उरलेल्यांना १० सेंट. महाग गोळी घेतलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना वेदना कमी वाटल्या. स्वस्त गोळीच्या गटात हे प्रमाण ६१ टक्के होते. आपल्याकडे तर यासाठी प्रयोगाचीही गरज नाही. ‘डॉक्टर, गोळ्या नको, एक सलाईन लावा’ हे वाक्य कुठल्याही दवाखान्यात ऐकू येते. तोंडाने पाणी पिऊ शकणाऱ्या माणसाला बाटलीतल्या मीठपाण्याने येणारी तरतरी बरीचशी याच जातीची असते.

फसवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे आवाजाची पातळी. दोन यंत्रांपैकी एक किंचित मोठ्याने वाजत असेल, तर ऐकणाऱ्याला ‘हा मोठा आहे’ असे जाणवत नाही. ‘हा अधिक स्पष्ट, अधिक भरदार आहे’ असे वाटते. मानवी कानाला कमी पातळीवर खर्जातले स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्येच दाखवले होते. आवाज थोडा वाढवला की खर्ज भरतो आणि यंत्र बदलल्याचा भास होतो.

याची परीक्षा घरीही घेता येते. समजा, सुरतेला नोकरीला असलेल्या रनाळ्याच्या एखाद्या मुलाने महागडा अ‍ॅम्प्लिफायर घरी आणला. जुना आणि नवा दोन्ही एकाच स्पीकरवर आळीपाळीने लावायचे. एकच अखंड सूर वाजवून, स्पीकरच्या तारांवरचा व्होल्टेज मल्टिमीटरने मोजून दोन्हींची पातळी जुळवायची. यंत्रांपुढे चादर टांगायची. एकाने आड बसून नाणे उडवायचे आणि त्याप्रमाणे यंत्र लावायचे. दुसऱ्याने फक्त ऐकून सांगायचे. असे दहा वेळा. सात उत्तरे बरोबर आली म्हणून पेढे वाटू नयेत, कारण सात किंवा त्याहून जास्त उत्तरे निव्वळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता सहात एक असते. नऊ किंवा दहा बरोबर आली तर मात्र मानायला हवे. नशिबाने तसे होण्याची शक्यता शंभरात जेमतेम एक.

या सगळ्या साखळीतले सर्वांत नाजूक यंत्र आतल्या कानात असते. शंखासारख्या कॉक्लियात सुमारे साडेतीन हजार आतल्या आणि १२ हजार बाहेरच्या केशपेशी असतात. जन्माला येताना मिळतो तेवढाच साठा. माणसात मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही. तरुण कान २० ते २० हजार हर्ट्‌झपर्यंत ऐकतो. पन्नाशीत अनेकांना १२-१४ हजारांच्या वरचे फारसे ऐकू येत नाही. गंमत अशी, की लाखांचा अ‍ॅम्प्लिफायर परवडू लागतो तोही साधारण याच वयात. संगीताचा मुख्य गाभा त्याच्या बराच खाली असल्यामुळे गाण्याचा आनंद मात्र टिकून राहतो. मोठ्या आवाजाने होणारी हानी वेगळी. ती बहुधा ४ हजार हर्ट्‌झच्या आसपास सुरू होते आणि तिथेच बोलण्यातली ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी अक्षरे ओळखण्याची भिस्त असते. मग माणूस म्हणतो, ‘ऐकू येते, पण कळत नाही.’

आता वॅटच्या प्रश्नाकडे येऊ. अ‍ॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली, तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला हा फरक थोडासाच जाणवतो. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. पण याच ३ डेसिबलमुळे केशपेशींवर पडणारी ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षितपणे ऐकण्याचा वेळ निम्मा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबलचा चार तास आणि १०० डेसिबलचा सुमारे २० मिनिटे. मिरवणुकीत साउंडच्या गाडीसमोर नाचणाऱ्याचा आठवड्याचा वाटा वरात पारापर्यंत पोहोचण्याआधीच संपलेला असू शकतो. मग गाडीच्या मागे चालणाऱ्या ऑपरेटरचे आणि कडेवरच्या लेकराचे काय, हा प्रश्न वऱ्हाडातल्या कुणीतरी विचारायला हवा.

घरी परतल्यावर कानात दडे बसणे किंवा बारीक शिट्टी वाजत राहणे, ही कानाने दिलेली सूचना असते. दुसऱ्या दिवशी बरे वाटले, तरी काही नुकसान मागे राहिलेले असू शकते. पुढच्या वेळी गाडीपासून दूर राहावे, कानात फोमचे बोळे घालावेत, अधूनमधून शांत जागी जावे. कापसाच्या बोळ्याने विशेष संरक्षण मिळत नाही. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर वाट न पाहता त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जावे; उपचाराचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच अधिक होतो. चाळिशीनंतर एकदा कान-नाक-घसा विभागात ऑडिओग्राम करून घ्यावा. बंद खोलीत बसून सूर ऐकू आला की बटण दाबायचे, एवढीच ती तपासणी. सुई नाही, वेदना नाही.

महागडे यंत्र घेऊन कुणाला सुख मिळत असेल, तर ते घ्यावे. देखणी वस्तू बाळगण्याचा आनंदही खराच असतो. फक्त पैसे मोजण्याआधी एकदा चादर टांगून पाहावी आणि आवाज वाढवण्याआधी घड्याळ पाहावे. अ‍ॅम्प्लिफायर बिघडला तर दुरुस्त होतो, जुना झाला तर विकता येतो. केशपेशींना मात्र सुटे भाग मिळत नाहीत.