जानेवारीतला ट्राउट

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात सॅन हुआन नदीवर १९६२ मध्ये नवाहो धरण पूर्ण झालं. धरणाच्या तळातून सुटणारं पाणी बारा महिने साधारण ६ अंश सेल्सिअस राहतं. त्यामुळे काठावर बर्फ साचला तरी धरणाखाली नदी गोठत नाही आणि फ्लाय फिशिंगची, म्हणजे नकली कीटक लावून मासे पकडायची हौस ऐन हिवाळ्यातही भागवता येते.

थंड पाण्यात ट्राउट मासा सुस्तावतो. संथ, खोल पाण्यात तळाशी राहून तो तोंडासमोरून वाहत येईल तेवढंच खातो, तेही बहुतेक चिलटाएवढे ‘मिज’ कीटक आणि त्यांच्या अळ्या. म्हणून गळही २० ते २६ नंबरचा, तांदळाच्या दाण्याहून बारीक. त्यावर दोऱ्याचे वेढे आणि बारीक तार, एवढीच नकली अळी. मासा लागला तरी हिसका बसत नाही. दोरीवरचा तरंगता फ्लोट क्षणभर अडखळतो, तेवढ्यात रॉड उचलायचा. इथे खरं कौशल्य नजरेचं! पहाटे धावायची गरज नाही, उत्तम वेळ भर दुपारची.

धरणाखालच्या सुमारे ६ किलोमीटरच्या पट्ट्यात उलटा काटा नसलेला गळ सक्तीचा आहे आणि प्रत्येक मासा परत सोडावा लागतो. शून्याखालच्या हवेत माशाचे कल्ले गोठू शकतात. फोटोसाठीसुद्धा त्याला पाण्याबाहेर धरून ठेवू नका.