२३ वर्षं वाट बघितली, लेखक गेला, मग पिक्चर आला... तरी फॅन्स का भांडले?

जीवन, विश्व आणि बाकी सगळ्याचं उत्तर काय, असं गुगलला इंग्रजीत ठरलेल्या शब्दांत विचारलं की सरळ कॅल्क्युलेटर उघडतो आणि आकडा येतो, ४२.

२०१८ साली इलॉन मस्कने स्वतःची टेस्ला गाडी रॉकेटमधून अंतराळात सोडली. त्या गाडीच्या डॅशबोर्डवरच्या स्क्रीनवर दोनच शब्द होते, 'डोन्ट पॅनिक'.

आणि दरवर्षी २५ मे रोजी जगभरात काही लोक खांद्यावर टॉवेल टाकून फिरतात. आंघोळीला निघालेले नसतात, कॉलेजला किंवा ऑफिसला निघालेले असतात.

हे तिन्ही प्रकार एकाच पुस्तकातून आलेत. डग्लस ॲडम्स या ब्रिटिश लेखकाची विनोदी कादंबरी, 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी'.

एवढं वेड लावणाऱ्या पुस्तकावर पिक्चर येणार म्हटल्यावर फॅन्स खुश होणार हे उघड होतं. पण २००५ मध्ये तो आला तेव्हा फॅन्समध्ये उभी फूट पडली. काहींच्या डोळ्यांत पाणी आलं, तर काहींनी कापलेल्या विनोदांच्या याद्या करायला घेतल्या.

असं का झालं, ते समजून घेऊ.

आधी पुस्तकात आहे काय?

आर्थर डेंट नावाचा एक साधा इंग्रज माणूस. एका सकाळी त्याचं घर पाडायला बुलडोझर येतो, कारण तिथून बायपास जाणार आहे. तो बुलडोझरपुढे आडवा पडतो. पण त्याच दिवशी परग्रहावरचे व्होगॉन लोक पृथ्वीच पाडायला येतात, कारण अंतराळातला बायपास नेमका इथूनच जाणार असतो.

आर्थरचा मित्र फोर्ड हा मुळात परग्रहवासी निघतो. तो आर्थरला घेऊन व्होगॉनच्याच यानात लिफ्ट मिळवतो आणि पुढे दोघं आकाशगंगेत भटकत राहतात. सोबतीला असतं एक गाइडबुक. त्यात सगळ्या विश्वाची माहिती आहे आणि कव्हरवर 'डोन्ट पॅनिक' लिहिलंय. प्रवाशाकडे सगळ्यात उपयोगाची वस्तू कोणती असावी? तर टॉवेल, असं हे गाइड सांगतं.

आता गंमत अशी की हे सुरुवातीला पुस्तक नव्हतंच. ८ मार्च १९७८ ला रात्री साडेदहा वाजता बीबीसी रेडिओ ४ वर ते श्रुतिका म्हणून सुरू झालं. कादंबरी आली १९७९ मध्ये. १९८१ मध्ये टीव्ही मालिका झाली, १९८४ मध्ये कॉम्प्युटर गेम आला. नाटकं झाली, ग्रामोफोन रेकॉर्डही निघाल्या.

रेडिओ, पुस्तकं, टीव्ही आणि गेम या सगळ्यांवर ॲडम्सने स्वतः काम केलं. तरी त्यातली एकही गोष्ट दुसरीशी तंतोतंत जुळत नाही. माध्यम बदललं की तो कथानक बदलायचा. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२३ वर्षं नेमकं अडलं कुठं?

१९८२ मध्ये पिक्चरचे हक्क इव्हान राइटमन या दिग्दर्शक-निर्मात्याच्या टीमकडे गेले. ॲडम्सने पटकथेचे मसुदे लिहिले. फोर्डच्या रोलसाठी बिल मरे आणि डॅन ॲक्रॉइड यांची नावं चर्चेत होती. पण तेवढ्यात ॲक्रॉइडकडून राइटमनच्या हातात भुतं पकडणाऱ्या टोळीची एक कल्पना आली. ती होती 'घोस्टबस्टर्स'. १९८४ मध्ये हा पिक्चर तुफान चालला आणि 'हिचहायकर्स' मागे पडला.

पुढची कित्येक वर्षं तेच. 'मेन इन ब्लॅक'ने १९९७ मध्ये सिद्ध केलं की परग्रहवासी आणि विनोद यांचं मिश्रण तिकीटबारीवर चालतं. मग १९९८ मध्ये डिस्नेशी करार झाला. १९९९ मध्ये ॲडम्स कॅलिफोर्नियाला राहायला गेला, पिक्चर मार्गी लागावा म्हणून.

पण गाडी काही हलेना. स्टुडिओच्या एका बड्या अधिकाऱ्याला त्याने तेव्हा पत्र लिहिलं आणि खाली आपण ज्या ज्या नंबरवर सापडू शकतो त्या नंबरांची यादीच जोडली. त्यात घर, ऑफिस होतंच, पण नातेवाईक, शेजारी आणि तो जिथं सामान घ्यायचा ते सुपरमार्केटही होतं. हॉलिवूडची पद्धत त्याच्या मते अशी होती, की मांस भाजायचंय, पण आग पेटवायची नाही, एकेकाने खोलीत येऊन त्यावर फुंकर मारून जायची.

११ मे २००१ रोजी जिममध्ये व्यायाम करून झाल्यावर त्याला हार्ट अटॅक आला. वय ४९. त्याच्या मागे पटकथेचा अर्धामुर्धा मसुदा राहिला.

बरोबर दोन आठवड्यांनी, २५ मे ला, चाहत्यांनी त्याच्या आठवणीत पहिल्यांदा टॉवेल डे साजरा केला.

इथून पुढे फॅन्सची वाट बघणं बदललं. आधी त्यांना एक मजेदार पिक्चर हवा होता. आता त्यांना आपल्या माणसाची शेवटची इच्छा पूर्ण झालेली बघायची होती. अपेक्षांचं ओझं आलं ते इथून.

कास्टिंग जाहीर झालं आणि...

'चिकन रन' लिहिणाऱ्या कॅरी कर्कपॅट्रिकने ॲडम्सच्या मसुद्यावरून पटकथा पूर्ण केली. दिग्दर्शनाची जबाबदारी म्युझिक व्हिडिओ करणाऱ्या गार्थ जेनिंग्जकडे आली. मोठा पिक्चर त्याने आधी केलेला नव्हता.

आर्थरच्या रोलमध्ये मार्टिन फ्रीमन. ब्रिटिश 'द ऑफिस'मुळे तो घराघरांत पोहोचला होता, त्यामुळे त्याच्याबद्दल फारशी तक्रार नव्हती. कायम उदास असणाऱ्या मार्व्हिन रोबोटला ॲलन रिकमनचा आवाज. गाइडचा आवाज स्टीफन फ्राय, जो ॲडम्सचा खराखुरा मित्र होता. इथंपर्यंत फॅन्स खुश.

पण फोर्ड, ट्रिलियन आणि झेफॉड या तिन्ही भूमिका अमेरिकन कलाकारांकडे गेल्या. इंग्रज विनोद आता हॉलिवूडच्या मिक्सरमधून निघणार, अशी भीती पसरली. त्यात दोन डोक्यांच्या झेफॉडचं दुसरं डोकं पहिल्याच्या खाली, मानेत लपवलेलं आहे हे कळल्यावर आणखी कुरबुर झाली.

मग पिक्चर आला

२८ एप्रिल २००५ ला ब्रिटनमध्ये आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकेत तो लागला. अमेरिकेत पहिल्या वीकेंडला पहिल्या नंबरवर होता. जगभरात मिळून सुमारे १० कोटी डॉलरचा धंदा केला. म्हणजे आपटला नाही, पण पुढचा भाग काढावा इतका चाललाही नाही.

फॅन्सच्या आघाडीवर मात्र आधीच ठिणगी पडली होती. ॲडम्सचं चरित्र लिहिणाऱ्या एम. जे. सिम्पसनने रिलीजच्या आधीच पिक्चर बघून लांबलचक परीक्षण लिहिलं आणि पिक्चरला अक्षरशः सोलून काढलं. त्याचा मुख्य राग होता तो विनोद कापल्याचा. नुसता कापला असता तर एक वेळ चाललं असतं, पण अर्धा ठेवून अर्धा कापला होता.

याचं एक उदाहरण बघू.

पुस्तकात बुलडोझरवाला अधिकारी आर्थरला सांगतो, बायपासचा आराखडा तर कधीपासून जाहीर केलेला आहे, हरकत तेव्हाच घ्यायची होती. त्यावर आर्थर सांगतो की तो 'जाहीर' आराखडा त्याला कुठं सापडला. आधी तळघर. मग तिथला दिवा गेलेला, जिनाही गायब. मग कुलूप लावलेलं कपाट. तेही वापरात नसलेल्या संडासात. आणि त्या संडासाच्या दारावर पाटी, आत बिबट्या आहे, सांभाळा.

सरकारी ऑफिसात हरकती-सूचनांची नोटीस शोधलेल्या कुणालाही हा विनोद समजावून सांगावा लागणार नाही.

ही शिडी आहे. प्रत्येक पायरीवर गोष्ट थोडी आणखी अशक्य होत जाते आणि हसू फुटतं बिबट्याच्या पाटीवर. पिक्चरमध्ये बोलणं तळघरापर्यंत येतं आणि सीन पुढे सरकतो. बिबट्या येतच नाही. कथेच्या दृष्टीने काहीही अडत नाही, माहिती पूर्ण मिळते. हसू तेवढं राहून जातं.

खरी अडचण इथं आहे

रहस्यकथेवर पिक्चर काढताना घटना सांभाळल्या की बरंचसं काम होतं. विनोदी कादंबरीत घटना ही बऱ्याचदा निव्वळ खुंटी असते. विनोद टांगलेला असतो तो वाक्यात, शब्दांच्या क्रमात, सांगणाऱ्याच्या आवाजात.

व्होगॉनची अवाढव्य यानं आकाशात येतात तेव्हा ॲडम्स त्यांच्या तरंगण्याला विटेची उपमा देतो, तीही उलटी. वाचणारा तिथं फिसकन हसतो. पडद्यावर ती यानं भव्य दिसतात, थोडी धडकीही भरवतात. पण उपमेचा फोटो काढता येत नाही.

त्यात ही गोष्ट जन्मली रेडिओवर. पहिल्या फॅन्सच्या डोक्यात शब्दांसोबत पीटर जोन्स या निवेदकाचा आवाजही पक्का बसला होता. पु. लं.च्या कॅसेट ऐकत वाढलेल्यांना अंतू बर्वा दुसऱ्या कुणी वाचून दाखवला की कसं चुकल्यासारखं होतं, तसंच काहीसं. स्टीफन फ्रायचं काम चांगलंच होतं, पण अनेकांना ऐकू येत होता जुनाच आवाज.

पण फॅन्सही एका ठिकाणी फसले

पिक्चरमध्ये हुमा कवुला नावाचं एक नवं पात्र आहे, जॉन माल्कोविचने केलेलं. एक बंदूकही आहे. ती ज्याच्यावर झाडली जाईल त्याला झाडणाऱ्याची बाजू पटायला लागते. हे दोन्ही पुस्तकात नाही. साहजिकच अनेकांनी बोट स्टुडिओकडे दाखवलं, घुसडलं बघा यांनी काहीतरी.

प्रत्यक्षात दोन्ही कल्पना ॲडम्सच्याच होत्या. त्याने त्या खास पिक्चरसाठी तयार केल्या होत्या.

म्हणजे ज्या गोष्टी फॅन्सना परक्या वाटल्या त्यातल्या काही मूळ लेखकाच्या निघाल्या आणि ज्या ठिकाणी पिक्चर पुस्तकाला धरून होता तिथं तो सगळ्यात जास्त टोचला. वर सांगितलेला मुद्दा आठवा. ॲडम्सने स्वतः प्रत्येक वेळी कथा बदलली होती. त्यामुळे 'मूळ गोष्ट बदलली' हा आरोप इथं फारसा टिकत नाही.

आणि पिक्चर सगळ्यात चांगला चालतो तोही असाच, जिथं तो डोळ्यांनी कळणारा स्वतःचा विनोद करतो. व्होगॉनच्या ग्रहावर कुणाच्या डोक्यात कल्पना आली रे आली की जमिनीतून फावडं उसळतं आणि थेट तोंडावर बसतं. नोकरशाहीवरचा हा सगळा टोमणा एकाही वाक्याशिवाय पोहोचतो. एका सीनमध्ये सगळी पात्रं काही क्षण लोकरीच्या बाहुल्या होतात. ग्रह तयार करणाऱ्या कारखान्याचं दृश्य तर नावं ठेवणाऱ्यांतल्याही अनेकांनी मान्य केलं.

थोडक्यात, पिक्चर पुस्तकापासून लांब गेला म्हणून फसला असं म्हणता येत नाही. विनोद एकतर पूर्ण सांगायचा, नाहीतर सोडून द्यायचा आणि त्या जागी पडद्याला शोभेल असा नवा रचायचा. 'हिचहायकर्स'ने अनेकदा तिसराच रस्ता धरला, विनोदाची सुरुवात ठेवली आणि शेवट काढला.

त्यामुळे आपल्या आवडत्या विनोदी पुस्तकावर पिक्चर येतोय असं कळलं, तर कोणता सीन ठेवलाय हे विचारण्याआधी त्यातला विनोद सांगणार कोण आहे, हे बघावं. अपेक्षा जरा बेताच्या राहतात.

जाता जाता एक. पिक्चरमध्ये रांगेच्या एका दृश्यात १९८१ च्या टीव्ही मालिकेतला जुना मार्व्हिन उभा आहे. रेडिओ आणि टीव्हीवर आर्थर झालेला सायमन जोन्सही क्षणभर दिसतो. आणि अगदी शेवटी यान वेगवेगळे आकार घेत दूर जातं, त्यातला शेवटचा आकार हा डग्लस ॲडम्सचा चेहरा आहे. पाठोपाठ पडद्यावर अक्षरं येतात, 'डग्लससाठी'.

पिक्चर आवडलेले आणि न आवडलेले, दोन्हीकडचे बरेच फॅन्स एवढ्या एका जागी मात्र भांडत नाहीत.