बातमी वाचून प्रोग्रामर का हसतात?

(गोंदिया येथे झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



विषय संगणकाचा आहे, पण सुरुवात धानापासून करतो. मी सॉफ्टवेअरच्या कामात वीसेक वर्षं आहे, पुण्यात राहतो. मागे एकदा दिवाळीला गावी आलो तेव्हा काकाजींसोबत धान विक्रीच्या ऑनलाइन नोंदणीला गेलो होतो. सातबारा, आधार कार्ड, पासबुक, सगळं पिशवीत. दोन तास रांगेत उभे राहिलो. नंबर लागला तेव्हा खिडकीतून उत्तर आलं, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." मी हसलो. आमच्या धंद्यात असं हसायची सवयच लागते. काकाजी माझ्याकडे बघून म्हणाले, "बाबू, तुला हासू येते, कारण उद्या तुला येणं नाही."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. प्रोग्रामर लोक तंत्रज्ञानाच्या आणि विज्ञानाच्या बातम्या वाचून तिरकस का हसतात, त्या हसण्यात शहाणपण किती आणि आखडूपणा किती, हे आज मला तुमच्यासमोर उलगडायचं आहे.

पहिली गोष्ट. आमच्यात एक जुना नियम आहे, निम्मा विनोद आणि निम्मा खराच: शुक्रवारी काही नवीन चालू करायचं नाही. का? तर बिघडलं की शनिवार-रविवार गेला. आता 19 जुलै 2024 आठवा. त्या दिवशी जगभर विमानतळं, बँका, दवाखाने यांच्या पडद्यांवर निळा रंग आला आणि काम थांबलं. आपल्याकडे काही विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून दिले गेले. वार कोणता होता? शुक्रवार! प्रोग्रामर हसले ते इथे.

पण झालं काय होतं, ते बघा. क्राउडस्ट्राइक ही संगणकाची सुरक्षा सांभाळणारी कंपनी. तिनं एक छोटी फाइल सगळ्यांकडे पाठवली. त्या फाइलप्रमाणे 21 गोष्टी तपासायच्या होत्या आणि प्रोग्रामकडे आलेल्या होत्या 20. एकविसावी शोधायला तो नको त्या जागी गेला आणि कोसळला. हा प्रोग्राम विंडोजच्या अगदी गाभ्यात बसलेला, त्यामुळे तो पडला की अख्खा संगणक पडायचा. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं असे सुमारे 85 लाख संगणक बंद पडले. आणि उपाय? बहुतेक ठिकाणी माणसानं एकेका मशीनपाशी जाऊन ती फाइल काढायची. काही ग्राहकांना तर मायक्रोसॉफ्टनं सांगितलं, बंद करून चालू करा, वेळ पडली तर पंधरा वेळा. आपल्या मोहल्ल्यातला टीव्ही दुरुस्त करणारा हेच सांगतो की नाही?

बातमीत "जागतिक तांत्रिक बिघाड" असा भारी शब्द येतो. प्रोग्रामरला त्यामागे वीस आणि एकवीस दिसतात. असली चूक त्यानं स्वतः कधीतरी केलेली असते. म्हणून तो हसतो. ते अर्धं स्वतःवरचं हसणं असतं.

दुसरी गोष्ट थोडक्यात. रँडल मन्रो नावाच्या चित्रकाराचं 2020 मधलं एक व्यंगचित्र आमच्यात फार प्रसिद्ध आहे. ठोकळ्यांची मोठी इमारत, तिच्यावर लिहिलंय आधुनिक डिजिटल व्यवस्था, आणि खाली एक बारीकसा ठोकळा सगळं तोलून धरतोय. तो ठोकळा म्हणजे कुणी एक माणूस, कित्येक वर्षं फुकटात, कुणी आभारही न मानता सांभाळत असलेला प्रोग्राम. लोक हसले. मग मार्च 2024 मध्ये ते खरं ठरलं. फाइली आवळून लहान करणारा एक्सझेड नावाचा प्रोग्राम जगभरच्या लिनक्स यंत्रणांमध्ये असतो. तो मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता, तोही थकलेला. मदतीच्या नावाखाली कुणीतरी टोपणनावानं आलं, दोनेक वर्षं नीट काम करून विश्वास मिळवला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरनं. कसा? सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याला खटकलं. अर्धा सेकंद! आपण ढकलून दिलं असतं.

आता तिसरी गोष्ट, आणि ती आपल्या जिल्ह्याची. गोंदिया म्हटलं की दोन गोष्टी, धान आणि सारस. महाराष्ट्रात सारस टिकून आहे तो मुख्यतः आपल्या भागात, आणि सगळे मोजले तरी आकडा दोन अंकी. समजा, उद्या बातमी आली: "फोटोवरून सारस ओळखणारी एआय, 95 टक्के अचूक." तुम्ही टाळ्या वाजवाल. प्रोग्रामर विचारेल, फोटो किती होते आणि त्यात सारस किती?

चला, हिशेब करू. हे आकडे मी उदाहरणासाठी धरतोय. तलाव, बोड्या, बांध्या मिळून कॅमेऱ्यांनी 10,000 फोटो काढले. सारस आहे फक्त 30 फोटोंत, बाकी बगळे, करकोचे, कुठं नुसतंच गवत. मशीन शंभरात 95 वेळा बरोबर सांगते. म्हणजे 30 पैकी 28-29 सारस तिनं पकडले. छान. पण उरलेल्या 9,970 फोटोंतही ती शंभरात पाच वेळा चुकणार. म्हणजे जवळजवळ 500 फोटोंवर ती "सारस, सारस" म्हणून ओरडेल, आणि असेल तिथे बगळा. मशीननं दाखवलेल्या साधारण अठरा-एकोणीस फोटोंमागे खरा सारस एक!

आणि आता आमचा खास विनोद. मी एका ओळीचा प्रोग्राम लिहितो. कुठलाही फोटो द्या, उत्तर एकच: "सारस नाही." हा किती अचूक? 9,970 वेळा बरोबर, म्हणजे 99.7 टक्के. त्या एआयपेक्षा जास्त! फक्त त्याला एकही सारस दिसत नाही.

मग मशीन निकामी का? नाही. आपल्या राईस मिलमधलं सॉर्टेक्स मशीन बघा. कॅमेरा दाणा बघतो, काळा दिसला की हवेचा फवारा त्याला बाहेर उडवतो. सोबत चांगले दाणेही उडतात. मिलवाला काय करतो? बाजूला पडलेला माल पुन्हा फिरवतो. सेटिंग कडक केलं तर चांगला दाणा जास्त जातो, सैल केलं तर काळा राहतो. दोन्ही एकाच वेळी मिळत नाही. कुठली चूक महाग पडते, हे मिलवाल्याला ठाऊक असतं. एआयच्या बातमीत नेमकं तेच गाळलेलं असतं. 10,000 फोटोंतून 500 वेगळे काढले तर माणसाचं काम वीसपट कमी झालं, हा मोठाच फायदा. पण शेवटी ते 500 बघायला माणूस लागतोच. आपल्याकडे पावसाळ्याआधी पहाटे, वेगवेगळ्या ठिकाणी एकाच वेळी माणसं उभी राहून सारस मोजतात. एकाच वेळी का? तोच पक्षी दोनदा मोजला जाऊ नये म्हणून. हा विचारही माणसानंच केलेला आहे.

तुम्ही म्हणाल, म्हणजे प्रोग्रामरचं काम फक्त खोड काढणं. तर नाही. हाच संशय कामाला लावला तर काय होतं, ते आपण 23 ऑगस्ट 2023 ला बघितलं. 2019 मध्ये चांद्रयान-2 चा लँडर उतरताना कोसळला होता. त्यानंतर इस्रोनं, माजी अध्यक्ष सोमनाथ यांच्या शब्दांत सांगायचं तर, यशावर आधारलेली रचना सोडून अपयशावर आधारलेली रचना केली. सेन्सर बंद पडला तर काय, इंजिनाचा जोर कमी-जास्त झाला तर काय, हिशेब चुकला तर काय? उतरण्याची जागाही आधीच्या 500 मीटर चौकोनाऐवजी सुमारे चार किलोमीटर बाय अडीच किलोमीटर ठेवली. "काहीतरी बिघडणारच," हे वाक्य आम्ही चहाच्या टपरीवर हसत म्हणतो. त्यांनी ते कागदावर मांडलं, आणि यान उतरलं.

आता पुन्हा काकाजींकडे येतो. कॅनडात एका विमान कंपनीच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटनं प्रवाशाला सवलतीचा चुकीचा नियम सांगितला. प्रवाशानं पैसे मागितले, तर कंपनीचं म्हणणं असं की चॅटबॉट ही वेगळी गोष्ट आहे, त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार! फेब्रुवारी 2024 मध्ये तिथल्या न्यायाधिकरणानं हे ऐकून घेतलं नाही. वेबसाइट तुमची, तर जबाबदारी तुमची, असं सांगून भरपाई द्यायला लावली. ही बातमी वाचून आम्ही खूप हसलो. पण मला लगेच ती खिडकी आठवली. "सर्व्हर डाऊन आहे" याचा अर्थ तरी दुसरा काय होतो? चूक मशीनची, माणूस मोकळा. सर्व्हर आपोआप पडत नाही. नोंदणीच्या दिवसांत किती लोक येतील, याचा अंदाज कुणीतरी बांधलेला नसतो. बंद पडलं तर कागदावर नोंद घ्यायची सोय कुणीतरी ठेवलेली नसते. आणि ते कुणीतरी माझ्यासारखंच असतं, म्हणून माझं त्या दिवशीचं हसणं खोटं होतं.

म्हणून सांगतो, तंत्रज्ञानाची बातमी आली की टाळ्या वाजवायच्या आधी तीन प्रश्न विचारा. एक, टक्के सांगितले, पण कशाचे आणि कितीतून? दोन, हे बंद पडलं तर दुसरी सोय काय? तीन, चुकलं तर भोगणार कोण आणि उत्तर देणार कोण?

शेवटी एका मुलीनं विचारलं, "सर, एआय कोड लिहिते. मग आम्ही प्रोग्रामिंग शिकायचं का?" शिकायचं, बेटा. एआय लिहून देईल, अगदी झरझर देईल. पण यादीत वीस आहेत की एकवीस, हे तपासणारं कुणीतरी लागेल. आणि तपासताना रांगेतले काकाजी आठवले, तर तू चांगली प्रोग्रामर होशील. मग हसलीस तरी चालेल.