परसबाग आणि थंडगार सोफी

जर्मनीत मार्च लागला की रोपवाटिकांबाहेर फुलझाडांचे ट्रे मांडले जातात आणि महिनोन्‌महिने करडं आभाळ बघून कंटाळलेले लोक दिसेल ते रोप उचलतात. दुपारी पारा 15 अंशांपर्यंत चढलेला असतो. रात्री मात्र तो शून्याखाली जाऊ शकतो आणि टोमॅटोचं रोप मरायला अशी एक रात्र पुरते. थंड मुलखात बाग करणाऱ्याचं निम्मं कसब थांबण्यात आहे.

कशासाठी किती थांबायचं, हे तिथली झाडंच सांगतात. जर्मन हवामान खातं झाडांच्या फुलण्या-पिकण्यावरून वर्षाचे 10 ऋतू मानतं, त्यातले तीन वसंताचे. हेझलला तुरे आले की वसंताची चाहूल, पिवळीधमक फोर्सिथिया फुलली की वसंत सुरू, सफरचंदाला बहर आला की भर वसंत. गुलाबाची छाटणी फोर्सिथिया फुलल्यावर करायची, असा जुना ठोकताळा आहे आणि तो शास्त्राला धरून आहे. पुरेशी ऊब मिळाल्याशिवाय ती फुलत नाही. त्यामुळे कडक थंडीच्या वर्षी ती उशिरा फुलते आणि छाटणीही आपोआप लांबते.

मातीचं म्हणाल, तर आपला शेतकरी पावसाळ्यात जे बघतो तेच तिथे बर्फ वितळल्यावर बघायचं: वाफसा आला का? मूठभर माती घेऊन दाबा. चिकट गोळा होऊन बोटांना लागली, तर वाफ्यात पाय ठेवू नका. ओली माती तुडवली की तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या दबतात आणि मुळं पुढे वर्षभर गुदमरतात. दाबलेला गोळा बोटाच्या टोच्याने भुसभुशीत फुटला, की कामाला लागा. खोल खणायची गरज नाही. हिवाळ्यात मातीतलं पाणी गोठताना फुगतं आणि ढेकळं आपोआप फुटतात. वरची माती दाताळ्याने मोकळी करून कंपोस्ट पसरा. दर चौरस मीटरला दोन-तीन लिटर पुरतं. दरवर्षी ढीग ओतत राहिलं की मातीत फॉस्फेट साठत जातं.

सफाईची मात्र घाई करू नका. गेल्या वर्षीच्या वाळक्या, पोकळ काड्यांत रानटी मधमाश्यांची पिल्लं हिवाळा काढत असतात. हवा नीट उबदार होईपर्यंत त्या उभ्या राहू द्या. झुडपांचं कुंपण 1 मार्च ते 30 सप्टेंबर या काळात मुळापासून तोडायला कायद्यानेच बंदी आहे, कारण पक्ष्यांची घरटी. वाढलेले शेंडे हलक्या हाताने कापायला हरकत नाही. इतका साधा आणि शहाणा नियम आपल्याकडेही असायला हवा.

पालक, मुळा, वाटाणा यांना थंडी सोसते. वाफसा आला की ते थेट पेरा. टोमॅटो-मिरचीचं बी फेब्रुवारी-मार्चमध्ये खिडकीत कुंडीत लावतात. तिथे नेहमीची तक्रार असते की रोपं लांबुडकी होऊन लोळतात. खोली गरम आणि उजेड अपुरा, म्हणून ती उजेडाच्या शोधात ताणली जातात. बी उगवून आलं की कुंडी कमी गरम पण भरपूर उजेडाच्या जागी हलवा. जमिनीत लावण्याआधी आठ-दहा दिवस रोपं दिवसा बाहेर, रात्री आत ठेवून त्यांना वाऱ्या-उन्हाची सवय लावा.

जमिनीत लावायची ती ‘बर्फाळ संत’ होऊन गेल्यावर. मे महिन्याच्या 11 ते 15 तारखांच्या संतदिनांना तिथे हे नाव आहे. त्यातली शेवटची 15 मेची ‘थंडगार सोफी’. ती गेल्याशिवाय नाजूक रोपं बाहेर काढत नाहीत. ही समजूत ग्रेगोरियन कॅलेंडरच्या आधीची. 1582 मध्ये तारखा 10 दिवसांनी पुढे सरकल्या, त्यामुळे त्या हिशेबाने थंडीचा तो झटका मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातही येऊ शकतो. उशिरा पडणारी गोठवणारी थंडी हे नुसतं भय नव्हे. एप्रिल 2017 मध्ये फुललेल्या फळबागा एक-दोन रात्रींत करपल्या आणि त्या वर्षी जर्मनीत सफरचंदाचं पीक फारच कमी आलं.

तिकडे राहणाऱ्या मराठी घरांसाठी एवढंच: कोथिंबीर एप्रिलमध्येच पेरा, कारण जूनच्या लांबलचक दिवसांत ती पानं धरण्याआधीच फुलोऱ्यावर येते. भेंडीचं बी मात्र मेअखेरीपर्यंत उघड्या जमिनीत टाकू नका.