पोर्तो रिकन पोपटांची गणना व अधिवास-निरीक्षण

पोर्तो रिकन पोपट (शास्त्रीय नाव: ॲमेझोना व्हिटाटा, स्थानिक नाव: इग्वाका) हा कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको बेटावरच आढळणारा पक्षी आहे. अंग हिरवे, कपाळावर तांबडी पट्टी, डोळ्यांभोवती पांढरे कडे आणि लांबी सुमारे ३० सें.मी. असे त्याचे रूप असते. एकेकाळी तो बेटावर सर्वदूर होता. शेतीसाठी झालेली जंगलतोड, शिकार आणि पाळण्यासाठी पिल्ले पळवणे यांमुळे त्याची संख्या घटत गेली. १९७५ साली लुकियो डोंगरांतील एल युंके वर्षावनात केवळ १३ पक्षी उरले होते.

== गणना ==
दाट पर्णसंभारात हिरवा पक्षी दिसत नाही. त्यातच, बडबडीसाठी प्रसिद्ध असलेली ही जात घरट्याजवळ मात्र कमालीचे मौन पाळते. म्हणून उंच झाडांवर माच बांधून सकाळ-संध्याकाळ, पोपट ओरडत उडतात त्या वेळी मोजणी केली जाते. अनेक माचांवरील निरीक्षक एकाच वेळी पक्ष्यांची संख्या, वेळ व दिशा टिपतात. नंतर नोंदी ताडून दुहेरी मोजणी वगळली जाते. सप्टेंबर १९८९ मधील ह्यूगो चक्रीवादळानंतर संख्या जवळजवळ निम्मी झाल्याचे अशा गणनेमुळेच कळले.

== घरट्यांचे निरीक्षण ==
संख्या कळली तरी ती का घटते हे कळत नाही. नोएल स्नायडर व सहकाऱ्यांनी घरट्यांजवळ आडोशात तासन्‌तास बसून ते शोधले. एल युंकेमध्ये पोपट प्रामुख्याने पालो कोलोरादो वृक्षांच्या ढोलीत अंडी घालतात. कोळशासाठी झालेल्या वृक्षतोडीने चांगल्या ढोली दुर्मीळ झाल्या होत्या. उरलेल्यांत पाणी शिरे, आणि मोतीनेत्री थ्रॅशर हा पक्षी तेथे शिरून अंडी-पिल्ले नष्ट करी. पोपट खोल, अंधाऱ्या ढोलीत उतरतो. थ्रॅशर मात्र तळ न दिसणारी ढोली टाळतो. यावरून पोपटांसाठी खोल कृत्रिम घरटी केली गेली. शेजारी थ्रॅशरसाठी उथळ पेटी ठेवली, की तिच्यात राहणारी जोडी इतर थ्रॅशरना हाकलून लावते! शत्रूलाच राखणदार नेमण्याचा हा उपाय निरीक्षणाविना सुचला नसता.

रानात सोडलेल्या पक्ष्यांना रेडिओ प्रेषक बांधून त्यांचा माग काढला जातो. लाल शेपटीचा ससाणा त्यांची शिकार करतो हे त्यातून स्पष्ट झाले.

== अधिवासाचा अर्थ ==
पक्षी जेथे उरला तीच त्याची आवडती जागा, असे मानणे धोक्याचे असते. एल युंके हे पोपटांचे शेवटचे आश्रयस्थान होते, सर्वोत्तम अधिवास नव्हे. तेथे पाऊस अतोनात पडतो आणि ढोली ओल्या राहतात. म्हणून २००६ पासून चुनखडीच्या टेकड्यांतील रिओ अबाहो जंगलातही पक्षी सोडण्यात आले. २०१७ च्या मारिया चक्रीवादळात एल युंकेतील रानटी थवा संपूर्ण नष्ट झाला. रिओ अबाहोतील काही पक्षी मात्र वाचले. २०२० मध्ये एल युंकेत पुन्हा पक्षी सोडण्यास सुरुवात झाली.